मोजणीत एक कमी

"ताई आहेत का?" मी विचारलं.

पलीकडे नळाचं पाणी भांड्यात पडत होतं, ते थांबलं.

"नाहीत," एका पुरुषाचा जाडसर आवाज आला. "आपण कोण?"

मी समोरच्या कागदावरचं वाक्य वाचून दाखवलं. सकाळच्या फोनसेवेतून बोलतोय, ताईंची तब्येत कशी आहे, झोप लागली का, गोळ्या घेतल्या का. सगळा जन्म छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेला. दुसऱ्यांची वाक्यं सुधारली, पण स्वतःचं एक वाक्य फोनवर धड बोलता येत नाही. म्हणून लिहून ठेवतो.

"बरं," तो म्हणाला. "उद्या करा. याच वेळेला."

आमची संस्था म्हाताऱ्या आणि आजारी माणसांना रोज सकाळी फोन करते. उचलला नाही तर थोड्या वेळाने पुन्हा, तरीही नाही तर जवळपासच्या कुणाला तरी बघून यायला सांगायचं, एवढंच काम. मी हे काम घेतलं तेव्हा ही हसली होती. "घरात चार शब्द बोलाल तर शपथ, आणि लोकांना फोन करायला निघालात!" तिचं खरंच होतं. पण ज्यांना मी दिसत नाही त्यांच्याशी बोलणं मला थोडं सोपं जातं.

या ताई माझ्या यादीत नव्या होत्या. आधी एक निवृत्त नर्सबाई त्यांना फोन करत. नर्सबाई मुलीकडे राहायला गेल्या आणि त्यांची यादी माझ्याकडे आली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच आवाज. "नाहीत. पण विचारा ना, काय विचारायचंय ते."

"गोळ्या..."

"गोळ्या नाही माहीत. मी चहा घेतला. कप विसळला. अजून काय असतं तुमच्याकडे?"

मी कागद उलटून पाहिला. मग त्यानेच सांगितलं, की तो लिफ्ट दुरुस्त करायचा, आणि माणसं लिफ्टमध्ये अडकली की आत पहिल्यांदा दिवा नाही, आवाज लागतो. "बाहेरून नुसतं बोलत राहायचं. काहीही. मी पाढे म्हणायचो." मी हसलो. फोनवर मी सहसा हसत नाही.

तिसऱ्या दिवशीही ताई नव्हत्या. आता मला कुतूहल वाटायला लागलं. सकाळी सकाळी रोज जातात तरी कुठे?

त्याच आठवड्यात कचेरीत दुसरीच गडबड चालू होती. माझ्या शेजारच्या टेबलावर मोजणीबाई बसतात. हे आम्हीच ठेवलेलं नाव. संस्थेच्या सगळ्या नोंदी त्या सांभाळतात. चाळिशीच्या पुढच्या, बारीक, मावशीबरोबर राहणाऱ्या, डब्यात रोज दोन माणसांचं आणून एकट्याने जेवणाऱ्या. आकड्याच्या बाबतीत त्या कुणाचं ऐकत नाहीत. नर्सबाईंच्या निरोपाच्या वेळी आमचे व्यवस्थापक भरल्या गळ्याने म्हणाले होते, "बाईंनी हजारो फोन केले, हजारो!" तेव्हा मागच्या खुर्चीतून बारीक आवाज आला, "आठशे बेचाळीस." सगळे हसले. नर्सबाईंना हसू आलं नाही. मोजणीबाईंना आपलं काय चुकलं ते शेवटपर्यंत कळलं नाही.

तर या बाई त्या दिवशी एकच ओळ संगणकाच्या पडद्यावर पुन्हा पुन्हा लिहीत होत्या. ओळ लिहायची, थांबायचं, आकडा यायचा, मान हलवायची.

"काय झालं?" मी विचारलं. विचारू की नको, असं करण्यातच अर्धा तास गेला होता.

"एकच प्रश्न विचारतेय, काका. आपले सभासद किती? तीनदा विचारलं, दोन उत्तरं आली."

"मशीन चुकतंय?"

"मशीन नाही, मशिनं. आपल्या तीन शाखांत तीन आहेत. प्रत्येक माणसाची नोंद तिन्हीकडे असते, म्हणजे एक बंद पडलं तरी अडत नाही. मोजायचं म्हणजे त्यांना विचारायचं, आणि जे आधी उत्तर देईल त्याचं धरायचं. चुकत कुणीच नाही. जो तो आपलं खरं सांगतोय."

एवढ्यात व्यवस्थापक आले. वार्षिक अहवाल छापायला जायचा होता. "मॅडम, कपाटात कार्डं होती तेव्हा मोजणी कधी चुकली नव्हती हं."

"तेव्हा मोजलंच नव्हतं कुणी, सर."

ते निघून गेले. बाई पुन्हा ओळ लिहू लागल्या. त्यांच्या मानेवर घाम होता. हे मशिनांचं खूळ आणलं त्यांनीच, असं जो तो बोलत होता, आणि त्यांना ते ऐकू येत होतं.

चौथ्या दिवशी मी धीर करून लिफ्टवाल्याला विचारलं, "ताई परत कधी येतील?"

"तुम्हाला खरंच माहीत नाही?"

"काय?"

"अहो, तिला जाऊन महिना झाला. तुमच्या नर्सबाईंना मीच कळवलं होतं. त्यानंतर फोन बंद. बरोबरच आहे, तिचाच फोन होता तो. मग या सोमवारी एकदम वाजला. याच वेळेला."

कागदावर यासाठी वाक्य नव्हतं. "मग उद्या करा, असं का म्हणालात?"

"तुम्ही करत होता म्हणून," तो म्हणाला. मग जरा हसून, "बंद करू नका लगेच. म्हणजे... बघा तुम्ही."

मी फोन ठेवला आणि मोजणीबाईंकडे पाहिलं. त्या पडद्यावर ओळ लिहीत होत्या. मला सगळं कळलं, असं म्हणणार नाही. पण एवढं उमगलं, की त्यांचा न जुळणारा आकडा माझ्या यादीत बसलाय. मी तोंड उघडलं की त्यांची मोजणी जुळेल, आणि त्या घरातला फोन वाजायचा थांबेल. मी तोंड उघडलं नाही. गप्प बसणं मला तसंही जमतं. दोन दिवस मी त्याला फोन करत राहिलो. त्याने सांगितलं, की तिची खुर्ची त्याने गॅलरीत नेऊन ठेवली आणि परत आणली. बसायला कुणी नाही, तरी ओलांडून जावं लागतं.

त्यातल्या दुसऱ्या दिवशी दुपारी मोजणीबाई आपली खुर्ची ओढत माझ्या टेबलाशी आल्या.

"सापडलं, काका. पुसलेली माणसं परत आलीत."

"म्हणजे?"

"इथे एखादी नोंद पुसली की नुसती जागा रिकामी होत नाही. त्या जागी एक खूण बसते, ही नोंद गेली म्हणून. ती खूण दहा दिवस ठेवायची."

"दहा का?"

"तेवढ्यात बातमी सगळ्या मशिनांना पोचावी म्हणून. मग खूणही जाते. पण तिसऱ्या शाखेत वायरिंगचं काम निघालं आणि ते मशीन जवळजवळ महिनाभर बंद होतं. त्या काळात जे गेले ते त्याला कळलंच नाही. आठवड्यापूर्वी सुरू झालं, तर त्याच्या दृष्टीने सगळे आहेतच. बाकीच्या दोघांकडे तर खूणही उरलेली नाही, मग नाही कशाच्या जोरावर म्हणणार? ते म्हणतात, याच्याकडे आहे म्हणजे आपल्याकडेच उतरवायची राहिली असेल. घेतात उतरवून." त्यांनी चष्मा काढून पुसला. "सात जण आहेत. सहा शोधले. तुमच्या यादीत असं कुणी आहे, जे कधीच फोनवर येत नाही?"

मी पेनाचं टोपण काढलं, लावलं.

"आहे," मी म्हणालो. "पण पुसू नका."

मग मी सगळं सांगितलं. पाढे, कप, खुर्ची, सगळं. माझ्यासारख्याने एका दमात इतकं बोललेलं पाहून त्या जरा मागे सरकल्या.

"पुसावं लागेल, काका. आकड्यासाठी नाही म्हणत मी. उद्या त्यांनी फोन उचलला नाही तर आपण कुणाला पाठवणार? त्या ओळीत औषधं ताईंची, डॉक्टर ताईंचे, आजार ताईंचा. येणारा माणूस एका बाईला शोधत येईल. हे गृहस्थ आपल्याकडे नाहीतच."

"मग त्यांची नवी नोंद करा."

"त्यांनी मागायला हवी ना."

"ते नाही मागणार. मी सुचवून पाहिलं. म्हणाले, मी धडधाकट आहे, गरजूंना द्या."

मोजणीबाईंनी माझ्या टेबलावरचा फोन पुढे ओढला. मग म्हणाल्या, "नंबर लावून द्या." त्या कधी कुणा सभासदाशी बोललेल्या मला आठवत नाहीत. मी लावून दिला आणि माझ्याही कानाला आवाज येईल असा ठेवला.

"मी नोंदी सांभाळते," त्या म्हणाल्या. "तुमच्या पत्नींची नोंद चुकून परत आली होती. तुम्हाला त्रास झाला असेल. ती आज पुसतेय."

"हो," तो म्हणाला. "पुसा. बरोबर आहे." आवाज अगदी सरळ होता. "त्या काकांना सांगा, छान बोलतात."

"थांबा," बाई म्हणाल्या. "एक अडचण आहे. मी... माझी मोजणी जुळत नाहीये. गेला आठवडाभर. साहेब रोज बोलतात. ताईंची नोंद काढली की एक कमी पडतो."

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांचा आकडा ताईंना काढल्यावरच जुळणार होता, हे त्यांनीच मला पाच मिनिटांपूर्वी समजावलं होतं. त्यांचे कान लाल झाले होते.

"एकाने काय होतंय?" पलीकडून आवाज आला.

"मला होतं," त्या म्हणाल्या. हे मात्र खरं होतं.

तो हसला. मोठ्याने, खोकला येईपर्यंत. "म्हणजे मी आलो तर तुमचा हिशेब सुटतो?"

"सुटतो."

"मग घाला बाई माझं नाव. असं अडकवून नाही ठेवत मी कुणाला."

फोन ठेवून त्यांनी ताईंची ओळ पुसली, या खेपेला तिन्ही मशिनं जागी आहेत ना ते बघून. मग नवी ओळ लिहायच्या आधी थांबल्या.

"एक रकाना वाढवते. 'घरात आणखी कोण?' हा आधीच हवा होता. नाव ठरवायचं, आत अक्षरं येणार की आकडा ते सांगायचं, झालं."

"सगळ्यांच्या ओळीत तो रिकामा दिसत राहील ना पण?"

"नाही. इथे ज्याने भरला त्याच्याच ओळीत तो असतो. बाकीच्यांकडे रिकामासुद्धा नसतो."

"रिकामा आणि नसलेला, यांत फरक काय?" मला खरोखरच जाणून घ्यायचं होतं.

त्यांनी विचार केला. "रिकाम्याला जागा लागते, काका."

संध्याकाळी व्यवस्थापकांनी आकडा पाहिला. "सात जास्त होते म्हणालात, आणि कमी झाले सहाच?"

"सातही गेले, सर. एक नवीन आला," मोजणीबाई म्हणाल्या, आणि डबा उघडून बसल्या. दुपारी त्या जेवल्याच नव्हत्या.

सकाळी माझ्या यादीत लिफ्टवाल्याचं स्वतःचं नाव होतं. मी कागद समोर ठेवला, पण तो वाचला नाही. झोप लागली होती. गोळ्या कसल्याच नव्हत्या. कप विसळून झाला होता.

"एक नवीन प्रश्न आहे," मी म्हणालो. "सगळ्यांनाच विचारतोय. घरात आणखी कोण?"

नळाचं पाणी थांबलं.

"आत्ता?" तो म्हणाला. "आत्ता तुम्ही."

माझं बोट बटणांवर होतं. अक्षरं लिहिता आली असती, रकाना त्यासाठीच होता. मी हात मागे घेतला.

"बरं," मी म्हणालो, "उद्या याच वेळेला," आणि यादीतला पुढचा नंबर लावला.