कावळ्याचं पान

"कोण गेलं हो तुमच्याकडे?"

खांद्यावरून पदर घेऊन, तोंड जमेल तेवढं पाडून मी शेजारच्या महालक्ष्मीबाईंच्या दारात उभी होते. हातात पिठलं-भाकरीचा डबा. दुःखाच्या घरी चूल पेटत नाही, शेजाऱ्यांनी घास न्यायचा, ही आमची सांगलीची रीत. चेन्नईला आले म्हणून काय माणुसकी सोडायची?

महालक्ष्मीबाईंनी आधी डब्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "कोण जातील? कोठे?"

"अहो, म्हणजे... वारलं कोण?"

आत त्यांचे यजमान हंबीरराव स्टीलच्या पेल्यातून कॉफी पीत होते. त्यांनी पेपर जरा खाली केला. "मी अहें अजून," एवढं म्हणून ते पुन्हा पेपरात शिरले.

अशी फजिती आयुष्यात झाली नव्हती. पण माझं तरी काय चुकलं? तीन दिवस मी गच्चीवर कपडे वाळत घालताना पाहत होते, ही बाई वाफाळता भात कठड्यावर ठेवते आणि "का, का" करून कावळ्यांना हाका मारते. आमच्याकडे कावळ्याला कधी बोलावतात? दहाव्याला!

"अय्यो अक्का!" महालक्ष्मीबाई हसून हसून दाराला टेकल्या. "काक्काला सादम ठेवतें हो मी. रोजचा पहिला भात त्यांस, मग आम्हांस. आजीपासून चाललें अहे."

"रोज?"

"रोज. ते आपले मोठेच की. घरचे मोठे जेवल्यावांचून आपण कसें बसावें?"

बोलणं मराठीच, पण मला एकेक वाक्य मनात दोनदा म्हणावं लागायचं. यांचे पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी तंजावरला आले, आणि मी सहा महिन्यांपूर्वी चेन्नईच्या या वेस्ट मांबलमला. माझा अनय इथल्या मोटारीच्या कारखान्यात इंजिनिअर आहे. त्याचे बाबा गेल्यावर सव्वा वर्ष मी सांगलीत एकटीनं काढलं, मग त्याने उचलूनच आणलं मला.

मला हसायला हवं होतं. पण तोंडून भलतंच निघालं. "आणि... नाही शिवला तर?"

"नाहीं शिवला तर खार खाईल."

"तसं नाही. नाही शिवला तर तुम्हाला काय वाटतं?"

महालक्ष्मीबाई हसायच्या थांबल्या. हात धरून त्यांनी मला आत बसवलं. मग मी दोन वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं ते या परक्या बाईला सांगून टाकलं.

आमच्या यांना मधुमेह. त्या दिवशी सकाळी म्हणाले, "आज चहात दोन चमचे साखर घाल ग. एकदाच." मी एकतीस वर्षं टेलिफोन खात्यात ऑपरेटर होते. लोकांशी गोड बोलून घरी यायचे तोवर गोडवा संपलेला असायचा. मी फाडकन म्हणाले, "साखर खाऊनच मरायचंय का तुम्हाला?" ते बिनसाखरेचा चहा प्याले, आणि संध्याकाळी छातीत कळ येऊन गेले.

दहाव्याला मी हट्टाने घाटावर गेले. पिंड ठेवला. दोन तास कावळा फिरकला नाही. दिरांनी हात जोडून सांगितलं, "वहिनींना आम्ही सांभाळू." नाही शिवला. "अनयचं लग्न थाटात करू." नाही शिवला. सगळे माझ्याकडे बघत होते. मला माहीत होतं यांना काय हवंय. पण दोन चमचे साखरेचं चारचौघांत बोलायला जीभ रेटली नाही. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला. तेव्हापासून मी चहा सोडला. रात्री अंथरुणावर पडलं की तेच वाक्य कानात.

महालक्ष्मीबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "त्या दिवशीं घाटावर तुम्हीच होतां?"

"छे, पाच घरचे दहावे होते आमच्या आधी."

"पांच?" त्यांनी कपाळाला हात लावला. "अक्का, काक्कांचें पोट भरलें असेल हो!"

एकतीस वर्षं लोकांना सांगत आले की लाइन एंगेज आहे, थोड्या वेळानं लावा. आणि हे माझ्या डोक्यात येऊ नये? मी हसायला लागले आणि हसता हसता ढसाढसा रडले. हंबीररावांनी उठून पाणी आणून दिलं.

"वर्षांतून एकदां बोलावतां आणि तेव्हांच परीक्षा घेतां," महालक्ष्मीबाई पुटपुटल्या. "रोज बोलावलें तर ओळख तरी होईल."

दुसऱ्या दिवसापासून मीही भाताचा पहिला घास, वर तूप घालून, कठड्यावर ठेवायला लागले. पण खोड कुठली जायला! ठेवायचे आणि टाकीआडून टक लावून बघायचे. मनातल्या मनात कबुलीजबाब द्यायचे. कावळे मेले यायचे, मान वाकडी करायचे आणि महालक्ष्मीबाईंचा भात खाऊन जायचे. पंधरा दिवस हेच. माझा नुसता संताप संताप व्हायचा.

सोळाव्या दिवशी महालक्ष्मीबाईंनी मला टाकीआड पकडलं. "पाहुण्यास वाढून त्याच्या तोंडाकडे बघत बसतां काय? लाज वाटते त्यास. ठेवा, हाक मारा, खालीं या. तुमचा भात निवतो अहे."

ठेवा, हाक मारा, खाली या. सोपं वाटतं ना? पाठ फिरवून पहिले आठ दिवस जिना उतरताना माझे पाय अडायचे. मग कमी अडायला लागले. एके दिवशी खाली येऊन मी पोटभर जेवले, भांडी घासली, आणि चार वाजता आठवलं, अरेच्चा, कावळ्याचं आज मनातच आलं नाही! त्या रात्री मी सकाळपर्यंत गाढ झोपले. दोन वर्षांनी!

आमच्या यांचं श्राद्ध महिन्याभराने आलं. अनयने रजा टाकली होती. खीर, वडे, आमसुलाची चटणी, सगळं पानात वाढलं. पानाशेजारी मी एक कप ठेवला. चहा, दोन चमचे साखर घातलेला. अनयने कपाकडे दोनदा बघितलं.

तो पान आणि कप घेऊन गच्चीवर गेला तो खाली येईचना. अर्ध्या तासाने मी वर गेले. भर उन्हात हात जोडून उभा, शर्ट घामाने चिंब. एवढा सहा फुटी माणूस, डोळे लहान पोरासारखे झालेले.

"आई, आजही शिवत नाहीये ग."

"नाही तर नाही."

"माझ्यामुळेच आहे ते," तो म्हणाला. "बाबा फोनवर म्हणाले होते, एकदा येऊन जा रे. मी रजा टाकली नाही. दहाव्यालाही मला माहीत होतं. मी सगळ्यांसमोर बोललो नाही."

म्हणजे त्या घाटावर आम्ही दोघं शेजारीशेजारी उभे होतो, आणि दोघांनीही आपापला धोंडा छातीशी धरून ठेवला होता! मी त्याला साखरेचं सांगितलं. सगळं, त्या वाक्यासकट. तो माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडला. मी नाही रडले. माझं रडून झालं होतं.

"हे बघ," मी म्हटलं, "त्या दिवशी कावळ्यांचं पोट भरलं होतं. पाच दहावे होते. आज वाढलंय, हाक मारलीय. आता खाली चल."

"पण आई..."

"खाली चल म्हणते ना! वरण-भात निवतोय."

मी पुढे झाले. तो दोनदा मागे वळला, तिसऱ्यांदा नाही वळला. आम्ही पानावर बसलो. मी भातावर तुपाची धार धरली, स्वतःसाठीही चहा ठेवला होता, त्यात न मोजता साखर घातली. पहिला घोट घेतला आणि डोळे मिटले. गोड, गोड होता नुसता.

वर गच्चीत कावकाव झाली. मग कप कलंडल्याचा आवाज. अनय घास टाकून उठायला लागला.

मी त्याचा हात धरून त्याला खाली बसवलं. "बस," मी म्हटलं. "बाबा जेवतायत."