पाणी वजा जाता

मी जात्याच संशयी. दूधवाल्याने आपणहून जास्त दूध घातलं, तरी आज याचं काय बिनसलंय असंच माझ्या मनात येतं. उपग्रहाच्या चित्रांवरून जंगलातली पानं मोजणं ही माझी नोकरी. नव्या उपग्रहाच्या पहिल्याच नकाशात तळ्याकाठच्या जंगलाची पानं निम्म्याने कमी भरली, तेव्हा मात्र मी तो नकाशा दोनदा बंद करून पुन्हा उघडला. त्या जंगलाचे वनरक्षक म्हणजे आमचे मेव्हणे, धाकट्या बहिणीचा नवरा.

साहेब खुर्चीमागे येऊन उभे राहिले. "झाडं काय चालत गेली का हो? चौकशी लागणार. नोकरी जाईल त्याची."

नोकरी गेली की खात्याचं घरही जाणार, आणि धाकटीला सातवा महिना. जीव तिच्यासाठी तुटत होता, पण खोटं कशाला बोलू, संशय मलाही आला. गेल्या खेपेला मेव्हणे नको तितके गोड बोलले होते. "ताई, तुम्हाला वरून अगदी झाड न् झाड दिसतं का हो?" मी म्हटलं, छे, तेवढं कुठलं!

पण मेव्हण्यांवर संशय घ्यायचा आणि उपग्रहाला देवमाणूस मानायचं, हा कुठला न्याय? उपग्रहाचं चित्र चौकोनाचौकोनांनी बनतं; जुन्या उपग्रहाचा एक चौकोन अंगणाएवढा, नव्याचा अख्ख्या आळीएवढा. एवढ्या मोठ्या चौकोनात झाडी येते, तळ्याचं पाणीही येतं, आणि नवा दोन्हींची मिळून एकच हिरवी छटा देतो. आता, पानं दुप्पट झाली म्हणून हिरवेपणा काही दुप्पट होत नाही. दाट झाडीत तो थबकतो. त्यामुळे पाण्यासकट आधी सरासरी काढली आणि मग तिच्यावरून पानं मोजली, की हमखास कमी भरतात. बाप सहा फुटी, लेक रांगती; दोघांची सरासरी काढून कपडे शिवले तर कुणाला होतील?

मी जुन्या उपग्रहाचं गेल्या वर्षीचं चित्र काढलं, त्याचे बारके चौकोन एकत्र करून मोठे केले आणि पानं पुन्हा मोजली. एकाही झाडाला हात न लागता निम्मी पानं गायब! मग नव्या नकाशातल्या प्रत्येक मोठ्या चौकोनात पाणी किती ते काढलं, ते बाजूला ठेवून उरलेल्या झाडीची पानं मोजली. नव्या नकाशाची बेरीज जवळजवळ जुन्याएवढी भरली. मी खुर्चीतच टाळी वाजवली.

"वा!" साहेब म्हणाले. "दुरुस्ती आकड्यांची की मेव्हण्यांची?"

सगळी खोली हसली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण त्यांच्या जागी मी असते तर याहून जहरी बोलले असते, हेही खरं.

"तुम्ही निवडा जंगल," मी म्हटलं. "जिथे माझ्या ओळखीचं चिटपाखरूही नाही असं."

त्यांनी दूरच्या एका खाडीकाठचं जंगल निवडलं. तिथेही दुरुस्ती चोख बसली. साहेबांनी चष्मा पुसला. "ठीक. आता तुमचं जंगल चौकोन न् चौकोन दाखवा. नुसती बेरीज नको."

आम्ही एकेक चौकोन जुन्या चित्राशी ताडून पाहू लागलो. काठावरचे सगळे जुळत गेले. माझा जीव भांड्यात पडत होता, तेवढ्यात टेकडीमागचा एक चौकोन आला. गेल्या वर्षी गच्च, आता उघडा. त्यात पाण्याचा थेंब नव्हता, म्हणून वजा करायलाही काही नव्हतं.

साहेबांनी त्या चौकोनावर बोट टेकवलं. मग हळूच म्हणाले, "ढगाची सावली असेल, नाही का?"

साहेबांना माझी दया आली की ते माझी परीक्षा बघत होते, देव जाणे. सावली म्हणणं सोपं होतं. कुणी विचारलंही नसतं. मी तोंड उघडणार तोच फोन वाजला. धाकटी होती.

"ताई, त्या चौकशीचं कळलं का गं काही? हे सकाळपासून जेवले नाहीत."

तिचा आवाज ऐकून मला राहवलं नाही. "अगं, तळ्याकाठी एक झाडसुद्धा तुटलेलं नाही. चूक आमच्या मोजणीची होती. रडू नकोस."

ती रडतच हसली. "अहो, ऐकलंत का? तळ्याकाठचं सगळं ठीक आहे म्हणे!"

मागून मेव्हण्यांचा आवाज आला. "आणि टेकडीमागचं?"

टेकडीचा शब्द मी कुणापाशी काढला नव्हता. साहेब माझ्याकडे बघत होते. त्यांना पलीकडचं ऐकू गेलं नव्हतं; मेव्हण्यांचा प्रश्न त्या खोलीत फक्त मीच ऐकला होता.

"ताई? काय विचारतायत हे? कुठली टेकडी?"

मला रडू फुटलं. फोन कानालाच होता, धाकटी ऐकत होती.

"सावली नाही, साहेब," मी म्हटलं. "तिथली झाडं तोडलीत."