तांदूळ ओढणारा तांब्या

वडगावातल्या विणकर गल्लीतले माग सकाळपासून बंद होते. सगळी माणसं गल्लीतल्या वडीलधाऱ्या नागोजीआप्पांच्या अंगणात लोटली होती आणि टाचा उंचावून एका तांब्याकडं पाहत होती. तांब्या साधाच, बूड काळवंडलेलं, गळ्याला लाल दोरा.

"जांबोटीच्या रानात वीज पडली!" नागेंद्र महाराज सांगत होते. "झाड जळलं, दगड फुटला, आणि मधोमध हा तांब्या! तीनशे वर्षं जमिनीत तप करत होता. ब्रह्मांडाचा करंट आहे ह्याच्यात, हंड्रेड पर्सेंट!"

तांब्याला तप करताना कुणी पाहिलं, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही. महाराजांनी ताटात मूठभर लाल अक्षता पसरल्या आणि तांब्या हळूच जवळ नेला. अक्षता थरथरल्या, सरपटल्या आणि टपाटप उडून तांब्याच्या बुडाला चिकटल्या. बायकांनी हात जोडले. नागोजीआप्पांच्या तर डोळ्यांत पाणी आलं.

महाराजांशेजारी 'दिल्लीचे सायंटिस्ट' उभे होते. अंगात चंदेरी रेनकोट, पायात गमबूट, डोळ्यांवर वेल्डिंगचा चष्मा. "खतरनाक किरन है! आठ फूट पीछे!" ते ओरडत होते, आणि कुणी पुढं सरकलं की घाईत "मागं सर की रं!" असं अस्सल निपाणीकडचं बोलून जात होते. किरणांपासून वाचायला सायंटिस्टला गमबूट लागत होते आणि महाराज मात्र उघड्या अंगानं तांब्या मांडीवर घेऊन बसले होते. एवढी ढळढळीत गोष्ट सगळ्यांसमोर होती, पण अंगणातल्या शहाण्यांपैकी एकालाही ती दिसली नाही.

महाराजांच्या सांगण्याप्रमाणं परदेशी कंपनी हा तांब्या अकराशे कोटींना घेणार होती. अडलं होतं ते फक्त तपासणीच्या फीपाशी, आणि फीला पैसे घालील त्याला विक्रीत वाटा मिळणार होता.

अंजनी भिंतीला टेकून उभी होती. आदल्या रात्री नवऱ्यानं, परशरामनं, तिच्या कानात सांगितलं होतं, "अंजे, कुनाला बोलू नगंस. महाराजांनी फकस्त आपल्याला वाटा दिलाय. तीन लाखाचं तीन कोटी!"

"आनि तीन लाख कुठनं आनायचं?"

"दोन्ही माग इकतोय. उद्या दुपारी टेंपो येनार."

"व्हय? मग परवापास्नं खायाचं काय?"

"परवापास्नं आपन शेठ, गं!"

अंजनीला रात्रभर संताप आवरला नव्हता. वीस वर्षं ती त्या मागांसाठी सुताच्या कांड्या भरत आली होती. लेकीचं शिक्षण त्यांवर, सासूचं औषध त्यांवर. आणि हा शहाणा ते एका तांब्यावरून ओवाळून टाकायला निघाला होता.

तिचे वडील खानापुरात भाताच्या गिरणीत कामाला होते. लहानपणी डबा पोचवायला गेली की ती पाहायची, भात यंत्रात पडायच्या आधी चुंबकाच्या पट्टीवरून जायचं. वडील ती पट्टी खरवडायचे. खिळे, तारेचे तुकडे, कधी विळ्याचं टोक. तिच्या डोळ्यांदेखत हजारो पोती त्या पट्टीवरून गेली, पण एक दाणा कधी चिकटला नाही. मग इथं अक्षता का उड्या मारत होत्या?

ती सरळ पुढं गेली.

"पीछे! पीछे!"

"किरनं लागली तर लागूंदेत. महाराज, माझ्या डब्यातलं तांदूळ आनलंय. ह्येच्यावर दावा."

महाराज हसले. "बाई, साधा तांदूळ नाही चालत. एकवीस दिवस मंत्रानं सिद्ध केलेल्या अक्षताच पाहिजेत."

"बरं, तुमच्याच घेते." तिनं तांब्याला चिकटलेल्या अक्षता खसकन ओढल्या, पाण्याच्या पेल्यात टाकल्या आणि भाताला तांदूळ धुवावा तशा चोळल्या. कुंकवाचं पाणी ओतलं, पुन्हा चोळल्या. पेल्याच्या तळाशी काळी पूड बसली. वर पांढरेशुभ्र दाणे राहिले. ते पदराला पुसून तिनं तांब्यापाशी धरले. एक दाणा हलला नाही.

मग तिनं पदराची पिन काढली आणि तांब्याजवळ नेली. पिन टपकन जाऊन बुडाला बसली.

"शक्ती गेली!" महाराज किंचाळले. "बाईनं हात लावला, विटाळला तांब्या!"

आणि काय सांगावं, चार माना लगेच डोलल्या. नागोजीआप्पा म्हणाले, "पोरी, हात लावाय नको हुतास."

"शक्ती गेली तर पिन कशी चिकटली, आप्पा? लोखंडाची पूड डिंकानं डकवून वर कुंकू फासलंय. आनि तांब्याच्या बुडात चुंबक हाय!"

आप्पांनी तांब्या उचलून पायरीवर आपटला. खालचा पत्रा सुटला आणि जुन्या स्पीकरमधलं काळं, गोल चुंबक बाहेर पडलं. दिल्लीचे सायंटिस्ट पळाले, पण गमबुटात पळता येत नाही. गल्लीच्या तोंडाशीच धरले गेले.

महाराज मात्र निवांत होते. "पोलिसात देता? द्या की. पण तक्रार कोणाची? मी कोणाचे पैसे घेतले?"

जो तो दुसरीकडं बघू लागला. "आमी नुस्तं बघाय आलतो," कुणी पुटपुटलं. महाराजांचा खरा चमत्कार हा होता. प्रत्येकाला 'फक्त तुलाच' म्हणून सांगितलेलं, आणि लाजेनं प्रत्येकाचं तोंड शिवलेलं.

"माझं चाळीस हजार," परशराम म्हणाला.

अंजनीनं गर्रकन वळून पाहिलं. हे तिला ठाऊक नव्हतं. सोसायटीत ठेवलेले लेकीच्या कॉलेजचे चाळीस हजार. नवऱ्याची मान खाली होती, कान लाल झाले होते.

"मोठ्यानं बोला," ती म्हणाली. "समद्यांस्नी ऐकू जाऊंदे."

"चाळीस हजार दिलं मी. ह्या चोराला."

"माझं ऐंशी," नागोजीआप्पा बोलले. मग शेजारची मालुआक्का. मग एकामागून एक अकरा हात वर झाले, आणि महाराजांचं हसू पहिल्यांदा मावळलं.

वाचकहो, तांब्याच्या जागी उद्या मोबाइल असेल, शेअरचा ग्रुप असेल, लॉटरीचा फोन असेल. जो तुमच्या हातानं तपासू देत नाही, घाई करतो आणि "कुणाला सांगू नका" म्हणतो, तो चोर आहे. पैसे देण्याआधी घरात, गल्लीत, चारचौघांत बोला. आणि फसलातच, तर त्याच दिवशी पोलिसांकडं जा. लाज चोरानं बाळगावी, तुम्ही कशाला?