शेतातली पगारवाढ

आमच्या युनिफॉर्मच्या कारखान्यात पगारवाढ ऑफिसात होत नाही, शेतात होते. तीही मार्गशीर्षातल्या वेळ अमावास्येच्या सणाला. मालक शिवानंदअण्णा सगळ्या कामगारांना टेम्पोत बसवून अक्कलकोट रोडच्या आपल्या शेतात नेतात. ज्वारीत कडब्याची कोप, म्हणजे छोटी खोपी, उभी असते, तिच्यात लक्ष्मीची पूजा होते आणि मग पंगत बसते. सगळ्या भाज्या-शेंगांची मिळून केलेली भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर. अण्णांच्या आई, गुरम्मा अव्वा, स्वतः वाढतात आणि नको म्हटलं की दुप्पट वाढतात. सगळ्यांची जेवणं तडस लागेपर्यंत झाली की अण्णा उठतात, एकेकीला नावानं बोलावतात, अव्वा हातात नारळ आणि ब्लाउजपीस ठेवतात आणि अण्णा सगळ्यांदेखत वाढीचा आकडा सांगतात. ज्यांची खीर अजून आपल्या ओठाला लागलेली आहे, त्यांच्याशी घासाघीस कोण करणार? शिवाय अव्वांनी सांगून ठेवलंय की या दिवशी शेतात कुणी 'नको' म्हणायचं नसतं, लक्ष्मी रुसते. लक्ष्मीसुद्धा बरोबर मालकाच्या सोयीनं रुसते.

मी शिवलीला. कटिंगच्या टेबलावर असते. मल्लप्पा मास्तर गुडघ्यांनी थकून घरी बसले, तेव्हापासून शाळांचे सगळे युनिफॉर्म मीच कापते. चौकड्याचा स्कर्ट असला की बाजूच्या शिवणीला चौकड्याला चौकडा जुळावा लागतो, आणि तो जुळणार की नाही हे कापतानाच ठरतं. मास्तरांचं टेबल माझ्याकडे आलं, कात्री आली, कापड वाया गेलं तर खायच्या शिव्याही आल्या. पगार तेवढा आला नाही. मास्तरांना बावीस हजार होते, मला तेरा. पीएफ नाही, दवाखान्यासाठीचं ईएसआयचं कार्ड नाही.

गेल्या उन्हाळ्यात माझ्या शेजारी काम करणाऱ्या काशम्माचं बोट कटिंग मशिनीत आलं. टाके पडले. दवाखान्याचं अर्धं बिल अण्णांनी भरलं आणि पुढे कितीतरी दिवस येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक व्यापाऱ्याला ते सांगितलं. ती बिचारी तिथंच मान खाली घालून काम करत असायची. मला तिची दया आली आणि त्याहून जास्त राग आला. माझं बोट मी कुणाच्या उपकारावर ठेवणार नाही, हे मी तेव्हाच ठरवून टाकलं.

त्यानंतर मी दोन-तीनदा ऑफिसात गेले. अण्णा दर वेळी हसून म्हणायचे, "अमावास्येला बोलू की, तंगी." तंगी म्हणजे धाकटी बहीण. अण्णा कामाचं मराठीत बोलतात आणि टाळायचं असलं की कन्नडमध्ये शिरतात. कन्नड माझ्या घरची भाषा. तिच्यात मला हवं तेवढं भांडता येतं, पण समोरचा तंगी म्हणाला की पगार मागताना जीभ अडखळते. म्हणून अमावास्येच्या आधी मी एक काम केलं. सुट्टीच्या दिवशी चिंचोळीच्या औद्योगिक वसाहतीत जाऊन दुसऱ्या एका कारखान्यात नमुन्याचा स्कर्ट कापून दाखवला.

अमावास्येला मी शेतात गेले आणि पोटभर जेवले. भज्जी दोनदा घेतली. उपाशी राहून रुसायला मी काही जावई नव्हे. मग नावं पुकारायला सुरुवात झाली. माझी पाळी आली. अव्वांनी नारळ आणि ब्लाउजपीस दिलं, मी वाकून नमस्कार केला.

"शिवलीलाला एक हजार," अण्णा म्हणाले. बायकांमध्ये कुजबुज झाली. बाकीच्यांना पाचशेच्या वर कुणाला मिळाले नव्हते.

"अण्णा, जेवान लई झ्याक झालं," मी म्हणाले. "पगाराचं उद्या ऑफिसात बोलू."

अव्वांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "आज न्हाय म्हनतीस व्हय गं? शेतात उभी राहून?"

"न्हाय कशाला म्हनू, अव्वा? ब्लाउजपीस घेतलं की. त्यो तुमचा आहेर हाय. पगार काय आहेर न्हाय."

अव्वा फटकन वळल्या आणि कोपीत गेल्या. परतीच्या टेम्पोत माझ्या शेजारी कुणी बसलं नाही. काशम्मासुद्धा पुढे जाऊन बसली. मला रडू येत होतं, खोटं कशाला बोलू. ज्या बाईनं मला पहिल्या बाळंतपणात डिंकाचे लाडू पाठवले होते, तिच्याच तोंडावर मी हे बोलले होते. पण मागे घ्यावं असं मला एकदाही वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी जिना चढून ऑफिसात गेले. अण्णांनी मान वर केली. "बा तंगी, कूडु," ये, बस म्हणाले. मी खुर्चीत बसले आणि मराठीतच बोलले.

"अण्णा, मास्तरांचं काम मी करतेय. मला मास्तरांचा पगार पायजे. आन पीएफ, ईएसआय. कागदावर कटिंग मास्टर असं लिहून."

"मास्तरावर घर हुतं. तुझा नवरा सिद्धू कमावतोय की."

"सिद्धूचा पगार धरून माझा ठरवताय व्हय? मग त्याला पन बोलवा, दोन कात्र्या द्या."

अण्णांना हसू आलं, पण त्यांनी ते दाबलं. मग सूत किती महाग झालं, शाळांची बिलं किती थकली, हे सगळं सांगून झालं. मी ऐकून घेतलं. त्यातलं निम्मं खरं होतं, हेही मला माहीत होतं. धंदा त्यांना कुणी सुखानं करू देत नाही, पण ती कसर माझ्या पगारातून का भरून निघावी?

"पीएफ कापला की हातात कमी येतील. मग माझ्याच नावानं बोंब मारशील," ते म्हणाले.

"न्हाय मारनार. येऊ द्या कमी. आन अण्णा, वीस मानसं झाली की पीएफ द्यावाच लागतोय. खाली किती हायत ते तुमालाच म्हाईत."

"हे कुनी शिकवलं तुला?"

"चिंचोळीला गेलते. स्कर्ट कापून दाखवला. सोमवारपासून या म्हनलेत."

अण्णा खुर्चीत मागे टेकले. जानेवारी तोंडावर आला होता. शाळांच्या ऑर्डरी सुरू होणार होत्या आणि चौकड्याचे तागे खाली भिंतीला लावून ठेवले होते. ते कोण कापणार, याचा विचार त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होता.

"अठरा," ते म्हणाले.

मी गप्प बसले. गप्प बसणं मला फार जड जातं, घरी विचारा कुणालाही. पण बसले. खालून मशिनींचा आवाज येत होता.

"एकवीस. पीएफ, ईएसआय, सगळं. पुढच्या वर्षी बावीस. आता तरी हूं म्हन."

"कागदावर?"

"कागदावर गं बाई."

त्यांनी हिशेबनिसाला बोलावलं, मजकूर सांगितला, कागद छापून आला. मी तो दोनदा वाचला. सगळं बरोबर होतं. मी पेन उचललं, तसे अण्णा पुढे झुकले आणि हळू आवाजात म्हणाले, "हे आपल्यात ठेव, तंगी. तुला काय मिळालं ते खाली कुनाला सांगू नको. तू घरची म्हनून दिलं, समजलं न्हवं?"

तेव्हा मला कळलं की शेतातली पंगत कशासाठी असते. तिथं आकडे सगळ्यांदेखत सांगतात, कारण ते सांगण्यासारखे लहान असतात. मोठा आकडा असा कानात सांगायचा.

मी सही केली. माझी प्रत घडी करून पर्समध्ये ठेवली आणि उठले.

"अण्णा, ह्यो कापायचा पगार हाय. गप बसायचा यात धरलेला न्हाय."

ते काहीतरी बोलले, बहुतेक कन्नडमध्ये. मी थांबले नाही. खाली आले तेव्हा बायकांनी पाय मशिनीवरून काढून घेतले होते. कालपासून माझ्याशी न बोललेल्या सगळ्या जणी माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

"एकवीस," मी मोठ्यानं सांगितलं. "आन पीएफ. आन दवाखान्याचं कार्ड."

काशम्मानं कात्री टेबलावर ठेवली, कमरेला पदर खोचला आणि जिना चढायला लागली.