जंतूंसाठी टँकर

साखर कारखान्यात वाहेद मेकॅनिकची नोकरी जंतूंच्या जिवावर होती. बॉयलरच्या धुरातल्या नायट्रोजनच्या विषारी ऑक्साइडचा हे जंतू निरुपद्रवी नायट्रोजन करतात, म्हणून सहकारी कारखान्याने धुराड्याआधी दगडगोट्यांनी भरलेला मनोरा उभारला होता. दगडांवर चिकट तपकिरी थर धरला, की जंतू खुशीत. मनोरा तपासणीत पास झाला तर वाहेद कायम, नाहीतर घरी, असा संचालक मंडळाचा ठराव होता.

त्या वर्षी पाऊस फिरकलाच नाही. ऊस छावणीतल्या जनावरांनी खाल्ला, बॉयलर थंड पडला. वाहेदने नाल्याच्या पाण्यात थोडी मळी आणि धुराऐवजी चिमूटभर खत कालवून जंतू जगवले.

ऊस नसला तरी बॉयलरची पूजा दसऱ्याला व्हायचीच, आणि तपासणीही त्याच दिवशी. आदल्या दिवशी चेअरमन सुंदरराव मनोऱ्यापाशी आले. त्यांनी नाकाला रुमाल लावला.

"वाहेद, गटार का पाजतोस रं यांना?"

"आबा, त्यांना ह्येच लई मानवतं."

"उद्या पावणे येनार. आपल्या कारखान्यात जंतूबी घाण पाणी पिनार न्हाईत."

वाहेद पंपाचा वॉशर आणायला पाटोद्याला गेला. तो परतेपर्यंत आबांनी गावाच्या वाट्याचा टँकर मनोऱ्यावर रिकामा करवला होता. पाणी पिण्याचं, साथ नको म्हणून दुप्पट ब्लिचिंग पावडर टाकलेलं. दगड पांढरेशुभ्र निघाले.

"आता कसं चकाचक!"

"आबा, मेले की सगळे."

"कोण?" आबा दचकले.

"जंतू."

"मग चांगलंच की!"

दसऱ्याला आबांनी जोडीने पूजा केली. बॉयलरमध्ये जाळायला चिपाड नव्हतंच, पाच लाकडं आणि कापूर पेटला. तपासणी अधिकाऱ्याने धुराड्याला यंत्र लावलं. काटा शून्यावरून हलेना.

"असा निकाल मी अजून पाहिला नाही," अधिकारी म्हणाले.

"साहेब, जंतू तर..." वाहेदने तोंड उघडलं.

"लाजाळू हाय पोरगं," म्हणत आबांनी त्याच्याच गळ्यात हार घातला.

संध्याकाळी वाहेद कायम झाला. खूश झालेल्या मंडळाने जंतूंसाठी रोज एक टँकरही मंजूर केला.

सकाळी टँकर मनोऱ्याशी लागला. घागर कमरेवर घेऊन छबुबाई चिडून उभी होती.

"किती पितेत रं तुझे जंतू?"

वाहेदने इकडंतिकडं बघून पाइप तिच्या घागरीत सोडला. "बायांना हाक मारा, मावशी. लवकर."

टँकर तीनशेव्या घागरीला संपला. मागच्या बाया रिकाम्या परतल्या. दुपारी आबांनी चौकशी केली, "पुरलं का पाणी?"

"न्हाई आबा," वाहेद खाली मान घालून म्हणाला. "जंतू लई झालेत. उद्यापासून दोन पाठवा."