सारख्या पायऱ्या

तिने पेन्सिलने आजचा ठिपका दिला, 'तीन'च्या रेषेवर, आणि आलेखाचा कागद खिडकीच्या उजेडात धरला. तीन आज पहिल्यांदाच आला होता.

नवरा समोरच्या खुर्चीत ताठ बसला होता. अंगात इस्त्रीचा शर्ट, केस नीट विंचरलेले. आठ महिन्यांपूर्वी एका घरात सुतारकाम करताना तो माळ्यावरून डोक्यावर पडला. जखम भरली, हातपाय चालू झाले, पण थकवा काही पाठ सोडेना. कुणाशी दहा मिनिटं बोलला, तरी दिवसभर रंधा मारल्यासारखा गळून जायचा.

पाणी तपासण्याच्या प्रयोगशाळेत तिची पंधरा वर्षं गेली होती. नुसतं बघत बसणं तिला जमणारं नव्हतं. आहारतज्ज्ञ बाईंनी जे सांगितलं, त्याचा तिने तक्ता केला. दर अडीच तासांनी थोडं खाणं. सकाळी अंडं, मग दही, फळ, मूठभर अक्रोड. तासाला पेलाभर पाणी. कॉफी अर्धा कप, तीही दुपारच्या आत. गोड सरबतं बंद. आणि चार वाजता ती कामावरून आली, की त्याने थकव्याचा आकडा सांगायचा. दहा म्हणजे मान उचलवत नाही, शून्य म्हणजे पूर्वीसारखा.

"सगळं खाल्लंस?"

"खाल्लं, बाईसाहेब. पाणी इतकं झालंय, की आता मला पालवी फुटेल."

तिला हसू आलं. सकाळीच त्याच्या भागीदाराचा फोन आला होता. "वहिनी, सोमवारी मोठं काम सुरू होतंय. दादा येणार असतील तर मी थांबतो. नाहीतर दुसरा माणूस घ्यावा लागेल, आणि एकदा घेतला की त्याला काढता नाही येणार." आलेख बघून संध्याकाळी सांगते, असं ती म्हणाली होती. मनात 'हो' केव्हाच ठरलं होतं.

तिने कागद पुन्हा बघितला, आणि पेन्सिलच्या टोकाने ठिपके मोजू लागली. आठवर बारा ठिपके. सातवर बारा. सहावर, पाचवर, चारवर बारा. आज तीन.

प्रयोगशाळेत नव्या मुली अशी आकडेवारी घेऊन आल्या, की ती कागद न बोलता परत करायची. खरी मोजमापं इतकी शहाण्यासारखी कधी वागत नाहीत.

"शेजारी दिवसभर भिंत फोडत होते, तुला झोप नव्हती, त्या दिवशी आकडा किती होता?" तिने विचारलं.

"पाच."

"बरं लक्षात आहे."

"तेव्हा पाचच चालू होता ना," तो म्हणाला.

तिने पेन्सिल खाली ठेवली.

"बारा-बारा दिवस का?"

"पायऱ्या सारख्या नसल्या की माणूस अडखळतो." तो टेबलाच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिला, जोड तपासावा तसा. "आकडा एकदम खाली आणला असता, तर तुला पटलं नसतं."

"खरा किती?"

"तू ठिपका देताना गुणगुणतेस. मी पडल्यापासून ते बंदच झालं होतं."

"मी आकडा विचारला."

"आठ. कधी नऊ." तो म्हणाला, "तू चारला येतेस. मी तीनला उठतो. शर्ट घालायलाच वेळ लागतो."

तिने कागदाची घडी घातली.

"आणि खाणं?"

"ते सगळं खरं. एक अक्रोडसुद्धा चुकवला नाही. उपयोग होईल असं मलाही वाटत होतं."

तिने फोन उचलला. दुसऱ्या खोलीत जायला उठली आणि परत बसली.

"भाऊजी, मी बोलतेय. तुम्ही दुसरा माणूस बघा."

"वहिनी, महिनाभर कसंबसं रेटतो मी."

"नको."

पलीकडे करवतीचा आवाज चालू होता. तो आवाज थांबला.

"दादांच्या हत्यारांना मी कुणाला हात लावू देणार नाही."

"मी शनिवारी येऊन घेऊन जाते," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

नवऱ्याने सगळं ऐकलं होतं. तो चिडेल, निदान एक शब्द तरी बोलेल, म्हणून ती थांबली. त्याचे खांदे हळूहळू खाली आले. मग पाठ वाकली. मग मान. दोन महिन्यांत तिने त्याला असं बसलेलं बघितलं नव्हतं.

"मग," त्याने विचारलं, "मी आता आडवा होऊ का?"