उंबराचा घेर

समजा, तुम्ही नऊ वर्षांचे आहात आणि मोजपट्टीचं टोक तुमच्या हातात आहे. समोरचा उंबर इतका रुंद, की पलीकडे उभे असलेले आजोबा दिसत नाहीत, फक्त त्यांचा आवाज येतो. टोक खोडावर घट्ट दाबून धरायचं. पट्टी ढिली पडली तर घेर खोटा वाढतो, आणि तसा घेर आजोबांना चालत नाही. धरलंत? उन्नतीनंही अगदी तसंच धरलं होतं.

"सरळ आहे का गं?" पलीकडून दौलतसिंहांनी विचारलं.

"एकदम सीधी, आजोबा."

रस्ता रुंद करणाऱ्या खात्यातून आलेला युवराज आकडा वाचायला वाकला. शेजारी खोडाला लावून त्याची काठी उभी होती, एकशे सदतीस सेंटीमीटरची. झाड कुठलंही असो, जमिनीपासून तेवढ्याच उंचीवर मोजायचं, तरच एकाची तुलना दुसऱ्याशी करता येते. घेर पाच मीटर भरला तर हरिशंकरपुरम वस्तीतला हा रस्ता उंबराला वळसा घालून जाणार होता. नाही भरला, तर सोमवारी करवत येणार होती.

"चार मीटर इक्यासी," युवराज म्हणाला. पाचाला एकोणीस सेंटीमीटर कमी.

"नाही!" उन्नती खोडामागून धावत आली. "पाच मीटर नऊ आहे. मागच्या वर्षी आम्हीच मोजलाय. बिर्ला नगरवाल्या उंबरापेक्षाही मोठा आहे हा."

"बेटा, पेड़ कहीं सिकुड़ता है?" झाड काही आकसत नाही, जुना आकडाच चुकला असेल, असं युवराजचं म्हणणं.

दौलतसिंहांनी शाळेत तीस वर्षं मुलांना मोजायला शिकवलं होतं. ते काठीच्या वरच्या टोकाकडे पाहत राहिले. मग त्यांची नजर हळूहळू काठीवरून खाली उतरली आणि पायाखालच्या गुळगुळीत फरशीवर थांबली.

हा पार त्यांनीच बांधला होता, आठ महिन्यांपूर्वी. त्यांची पत्नी सरोजिनी दर गुरुवारी या उंबराला प्रदक्षिणा घालायची. वाटेत दगड होते, पिकून पडलेल्या उंबरांवर पाय घसरायचा. ती गेल्यावर त्यांनी दोन फूट भर टाकली, वर फरशी बसवली आणि खोडालगत तिच्या नावानं दत्ताच्या पादुका ठेवल्या. जुनी जमीन त्या भरावाखाली होती आणि काठी उभी होती वर, म्हणून पट्टी दोन फूट उंच, खोड निमुळतं होत जातं तिथे लागली होती.

त्यांनी हे युवराजला सांगितलं. तो वाईट नव्हता.

"भराव हटवा दीजिए, बाबूजी. असली ज़मीन दिखेगी तो मैं फिर नाप लूँगा. तब तक उधर के नीम देख आता हूँ. आधा घंटा."

मोजणी बघायला पारावर जमलेल्या बायकांत विजयाबाई होत्या, सरोजिनीची जुनी मैत्रीण.

"भावोजी, पादुका उखडणार? वहिनींच्या नावाच्या?"

"झाड वाचेल, विजयाबाई."

"आणि पाप कोणाच्या माथी? आमच्या तर नको."

"तुमच्या कशाला? माझ्या घ्या."

"मग काढा. आम्ही नाही बघणार." त्या तोंड फिरवून उभ्या राहिल्या, पण गेल्या नाहीत.

दौलतसिंह घरातून पहार घेऊन आले. पादुकांपुढे बसले. सकाळचं जास्वंदीचं फूल त्यांनी उचललं, बाजूला ठेवलं, पुन्हा होतं तिथेच ठेवलं. पहारीवरचा हात काही हलेना.

"आजोबा, वेळ होतोय."

"हो, बाळा."

ते हो म्हणाले आणि तसेच बसून राहिले.

युवराज परत आला तेव्हा पार जसाच्या तसा होता. त्यानं काठीसह फोटो काढला, फोनवर आकडा भरला आणि पाठवला.

"एक बार चला गया तो मेरे हाथ में नहीं रहता, बाबूजी," तो म्हणाला. मग खोडावर लाल रंगाची फुली मारून, काठी पाठीला अडकवून तो स्कूटरवर बसला. बायकाही एकेक करून घरी गेल्या. जाताना विजयाबाईंनी पादुकांना हात जोडले.

दौलतसिंह कठड्यावर टेकले होते. उन्नती बराच वेळ पाराभोवती चालत राहिली. पादुकांच्या अगदी उलट बाजूला, खोडाजवळ, एका फरशीचा कोपरा मुळानं उचलला होता. तिनं पहार ओढत तिथे नेली आणि सगळा भार देऊन ती फरशी उलथली. खालची माती भुसभुशीत होती. ती हातांनी उकरत गेली, काखेपर्यंत हात आत गेला तेव्हा बोटांना जुनी, घट्ट जमीन लागली.

एकच फरशी. काठी उभी राहील एवढंच भोक. पादुका जागच्या जागी.

दौलतसिंहांनी ते पाहिलं आणि चेहरा दोन्ही हातांनी झाकून घेतला.

उन्नतीनं काठी नाही म्हणून आजोबांची मोजपट्टीच भोकात सोडली, एकशे सदतीस सेंटीमीटर मोजले आणि तिथे खोडावर नखानं खूण केली. खूण तिच्या पोटाशी आली. मग हात फ्रॉकला पुसून तिनं पट्टीचं टोक त्या खुणेवर घट्ट दाबलं, आणि आजोबा उठून पलीकडे जाण्याची वाट पाहत उभी राहिली.